सांधा लपवायचा नाही

लोईस मेलू जोन्स या चित्रकर्तीचं ‘ले फेतिश’ हे तैलचित्र १९३८ सालचं. आकारानं लहानसं, पण त्यातले आफ्रिकी मुखवटे अंधारातून असे पुढे येतात की मागे सरून पाहावंसं वाटतं. जोन्स मूळची बॉस्टनची. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात ती चित्रकला शिकवायची आणि वर्षभराची रजा घेऊन पॅरिसला आली होती. हे मुखवटे तिनं पाहिले ते पॅरिसच्याच संग्रहालयांत आणि कलादालनांत. प्रत्यक्ष आफ्रिकेत ती पोचली १९७० साली, चित्रानंतर बत्तीस वर्षांनी. कृष्णवर्णीय अमेरिकी कलेनं पूर्वजांशी नातं जोडल्याचा नमुना म्हणून आज हे चित्र दाखवलं जातं. त्यातली आफ्रिका मात्र साम्राज्यांनी गोळा करून काचेच्या कपाटात मांडलेली होती, आणि पिकासोनं तिशीक वर्षं आधी ती कपाटं पाहून आपल्या चित्रांची मोडतोड केलेली होती. आपल्या फ्रेंच शिक्षकांना हे चित्र खटकलं तेव्हा आपण पिकासो आणि मातीसचाच दाखला दिला, असं जोन्स पुढे सांगत असे. त्यांना चालतं तर मला का नाही, असा तिचा सवाल होता.

या चित्राकडे पाहण्याच्या दोन रीती सवयीच्या झाल्या आहेत. एक अभिमानाची: लेक माहेरी परतली. दुसरी संशयाची: पॅरिसमधली तेव्हाची फॅशन तिनं उचलली आणि तिला पूर्वजांचं नाव दिलं. दोन्ही रीतींमागचं गृहीत एकच आहे. आफ्रिका नावाची अस्सल वस्तू कुठेतरी ठेवलेली आहे आणि चित्रकाराचं काम ती गाठण्याचं. पहिला म्हणतो गाठली, दुसरा म्हणतो हुकली. मला हे गृहीतच पटत नाही. जगभर विखुरलेल्या कृष्णवर्णीय चित्रकारांना त्यांची ओळख आयता विषय देत नाही, ती एक अडचण देते. मूळ आणि आपण यांच्यामध्ये जे तुटलं त्याचं करायचं काय, ही ती अडचण. जी कला ती तूट झाकून सलग वारसा असल्याचा आव आणते ती लवकर शिळी होते. जी सांधा उघडा ठेवते, वस्तू कोणाकोणाच्या हातांतून आपल्यापर्यंत आली ते दाखवते, तिचा जोर टिकतो. ‘ले फेतिश’ मला महत्त्वाचं वाटतं ते याच कारणानं. त्यात पॅरिस लपलेलं नाही.

तुटलं म्हणजे किती तुटलं? सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत अटलांटिकपार नेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसं जहाजांवर चढवली गेली आणि सुमारे एक कोटी सात लाख पलीकडे जिवंत उतरली. हे आकडे इतिहासकारांनी जहाजांच्या नोंदींवरून काढलेले आहेत. त्या नोंदी मालाच्या होत्या. माणसाचं नाव, गाव, कूळ लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही. एकाच मळ्यावर निरनिराळ्या भाषांची माणसं एकत्र आली. साउथ कॅरोलायनात १७३९ च्या गुलामांच्या उठावानंतर ढोल वाजवण्यावरही कायद्यानं बंदी आली. तरीही संगीत टिकलं, कारण ते गळ्यात आणि टाळीत राहतं, त्याला सामान लागत नाही. मूर्तीचं, मुखवट्याचं तसं नाही. तिथे लाकूड ओळखणारा कारागीर लागतो, वर्षाच्या ठरलेल्या वेळचा विधी लागतो, तो करवून घेणारं राजघराणं किंवा गाव लागतं. हे सगळं जहाजावर चढत नाही. म्हणून जॅझ वाजवणाऱ्याला जो प्रश्न फारसा पडत नाही तो चित्रकाराला पहिल्या दिवशी पडतो: माझ्या हाताला सवय कोणाची आहे?

या प्रश्नाचं सर्वांत गाजलेलं उत्तर अ‍ॅलन लॉक यांनी १९२५ साली ‘द न्यू नीग्रो’ या त्यांनी संपादित केलेल्या ग्रंथात दिलं. कृष्णवर्णीय अमेरिकी चित्रकारांनी आफ्रिकी कलेकडे वळावं, असा त्यांचा सल्ला. लॉक यांचं नाव घेऊन पुढे ‘रक्तातली आफ्रिका’ पुष्कळ बोलली गेली, पण त्यांचा मूळ लेख त्याच्या उलट दिशेला जातो. आफ्रिकी शिल्प संयमी, शिस्तबद्ध, संकेतांनी घट्ट बांधलेलं. अमेरिकेतला कृष्णवर्णीय माणूस व्यक्त होतो तो मोकळा, भावनेनं ओथंबलेला. दोन्हींचा स्वभाव जुळत नाही, हे लॉक यांनी आडपडदा न ठेवता मांडलं आहे. मग वळायचं कशासाठी? शिस्त शिकण्यासाठी. आपल्यामागेही एक अभिजात परंपरा आहे हा आधार घेण्यासाठी. म्हणजे नातं जन्मानं मिळालेलं नाही, अभ्यासानं कमवायचं आहे. हार्लेममध्ये एरन डग्लसला आफ्रिकी आकारांकडे बघायला लावणारा त्याचा गुरू विनोल्ड राइस हा तर जर्मनीहून आलेला गोरा चित्रकार होता. डग्लसनं १९३४ साली हार्लेमच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी रंगवलेल्या चार मोठ्या चित्रांत मिळून छायाकृती आहेत, एकात एक वर्तुळं आहेत, इजिप्तच्या भिंतींवरचे चेहरे आहेत, न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती आहेत. आफ्रिकेपासून अमेरिकी शहरापर्यंतचा प्रवास सांगणारी ही चित्रं स्वतःही तशाच आडवळणानं घडलेली आहेत.

हे आडवळण सर्वांत खोल गेलं ते विफ्रेदो लाम याच्या कामात, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू. जन्म १९०२, क्यूबातल्या सागुआ ला ग्रांदे गावी. वडील चिनी, आईकडे आफ्रिकी आणि स्पॅनिश रक्त. त्याची धर्ममाता मांतोनिका विल्सन सांतेरिया पंथातली पुजारीण होती. योरुबा देवतांना कॅथलिक संतांच्या आडोशानं जगवणारा हा पंथ, म्हणजे सांधा लपवून चाललेला धर्म. त्या घरातून उठून लाम १९२३ साली स्पेनला गेला आणि जुन्या युरोपीय गुरूंच्या नकला करत शिकला. यादवी युद्धात तो प्रजासत्ताकाच्या बाजूनं राहिला, १९३८ साली पॅरिसला पोचला आणि तिथे पिकासोनं त्याला जवळ केलं. नाझी आल्यावर १९४१ साली मार्सेहून सुटलेल्या ज्या जहाजावर तो चढला त्यावर आंद्रे ब्रेतों आणि क्लोद लेव्ही-स्त्रोसही होते. वाटेत मार्तिनिकला कवी एमे सेझेर भेटला. अठरा वर्षांनी लाम हवानात उतरला तेव्हा त्याला दिसलं की आपल्या लहानपणातले देव पर्यटकांच्या करमणुकीसाठी नाचवले जात आहेत.

‘द जंगल’ हे १९४२-४३ मधलं त्याचं चित्र या परतीतून आलं. कागदावर रंगवून कॅनव्हासवर चिकटवलेलं, माणसाच्या उंचीहून मोठं. त्यात चंद्रकोरीसारखे मुखवटे आहेत, भल्यामोठ्या पावलांचे आणि फळांसारख्या लोंबत्या अवयवांचे जीव आहेत, एका हातात कात्री आहे. आणि त्यांच्यामधून, त्यांच्या पायांपासून वेगळे काढता येऊ नयेत असे, उसाचे उभे ताठ सोट. घनदाट अरण्यात ऊस उगवत नाही. उगवतो मळ्यात, आणि तो तोडायला माणसं लागतात. चित्राच्या नावानं प्रेक्षकाला आदिम आफ्रिकेचं आमिष दाखवायचं आणि आत शिरल्यावर त्याला साखरेच्या शेतात उभं करायचं, ही लामची चाल. मुखवट्यांचे आकार पिकासोच्या वाटेनं आलेले आहेत आणि लाम ते नाकारत नाही. पिकासोकडे ते आले कुठून, आणि साखर युरोपच्या टेबलावर आली कुठून, हे दोन हिशेब तो एकाच कागदावर मांडतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं हे चित्र १९४५ साली घेतलं आणि पुढे कित्येक वर्षं कोट ठेवण्याच्या खोलीजवळच्या वाटेवर टांगलं. समीक्षक जॉन याउ यांनी १९८८ मध्ये यावर बोट ठेवलं तेव्हा प्रश्न नुसत्या खिळ्याच्या जागेचा नव्हता. आधुनिक कलेची जी गोष्ट संग्रहालय आतल्या दालनांत सांगत होतं तिच्यात लामला बसवलं असतं, तर ती गोष्टच बदलावी लागली असती.

सांधा दाखवायला चेहराच लागतो असंही नाही. यिंका शोनिबारे लंडनमध्ये जन्मला, लागोसमध्ये वाढला, शिकायला परत लंडनला आला. कलाशाळेत असताना तो सोव्हिएत रशियातल्या बदलांवर काम करत होता, आणि तू अस्सल आफ्रिकी काही का करत नाहीस, असं शिक्षकानं त्याला विचारलं. त्याचं उत्तर त्याला ब्रिक्स्टनच्या बाजारात सापडलं. पश्चिम आफ्रिकेत घरोघरी नेसलं जाणारं, कोणीही डोळे मिटून आफ्रिकी म्हणेल असं भडक छापील कापड मुळात जावातल्या बाटिकची नक्कल आहे. डच कारखानदारांनी एकोणिसाव्या शतकात ती यंत्रावर केली आणि तिला खरं गिऱ्हाईक मिळालं ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. या कापडाचे व्हिक्टोरियन पोशाख शिवून शोनिबारेनं ते बिनडोक्याच्या पुतळ्यांना चढवले, आणि २०१० साली ट्रफाल्गर चौकात बाटलीतल्या नेल्सनच्या जहाजाला त्याचीच शिडं लावली. इथे एक दुवा आपल्याकडचाही आहे. त्याआधी, अठराव्या शतकात, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घेण्यासाठी इंग्रज आणि फ्रेंच व्यापारी जो माल न्यायचे त्यात गुजरात आणि कोरोमंडल इथलं सुती कापड मोठ्या प्रमाणावर असे. एल अनात्सुईच्या प्रचंड झुली याच हिशेबाचं दुसरं पान म्हणता येतील. दारूच्या बाटल्यांची चपटी केलेली झाकणं तांब्याच्या तारेनं जोडून तो त्या करवून घेतो. लांबून पाहिलं तर घानाचं राजवस्त्र, जवळून पाहिलं तर मद्याच्या कंपन्यांची नावं. आणि युरोपची दारूही त्या व्यापारात चलनच होती. अनात्सुई स्वतः घानाचा, पण १९७५ पासून नायजेरियातल्या न्सुक्का इथे शिकवत आणि काम करत राहिलेला. परदेशी असण्यासाठी समुद्रच ओलांडावा लागतो असं नाही.

आता पहिला आक्षेप, आणि तो हलका नाही. चित्रकाराला आधी चित्रकार म्हणून पाहा. कातडीच्या रंगावरून वाचायला लागलात की रंग, पोत, अवकाश यांकडे कोणी बघत नाही, चित्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहतं. हे म्हणणारे फक्त गोरे समीक्षक नव्हते. फ्रँक बोलिंग यानं आयुष्यभर हेच भांडण मांडलं. ब्रिटिश गयानातल्या बार्टिका इथे १९३४ मध्ये जन्म, १९५३ मध्ये लंडन, रॉयल कॉलेजातून १९६२ मध्ये रौप्यपदक; सुवर्णपदक त्याच वर्गातल्या डेव्हिड हॉकनीला. १९६६ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला तेव्हा कृष्णवर्णीय कलेनं आंदोलनाला उपयोगी पडावं, असा जोर तिथे वाढत होता. बोलिंगनं ‘आर्ट्स मॅगझिन’मधून उलट लिहिलं: कृष्णवर्णीय कलाकाराचा अनुभव चित्रात यायला मूठ वळलेला माणूस काढावाच लागतो असं नाही, अमूर्त चित्रावरही त्याचा हक्क आहे. कृष्णवर्णीय समीक्षकांनी टाळलं आणि गोऱ्यांनी वाखाणलं, असा सोपा हिशेबही इथे लागत नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या संग्रहालयानं त्याच्या सगळ्या कारकिर्दीचं प्रदर्शन भरवायला २०१९ उजाडलं. तेव्हा तो पंचाऐंशी वर्षांचा होता.

बोलिंगचं म्हणणं मला मान्य आहे, आणि ते मान्य केल्यानं माझा मुद्दा ढासळत नाही. त्याची १९६७ ते १९७१ मधली नकाशाचित्रं पाहा. भिंतभर पसरलेले रंगांचे पातळ थर आणि त्यांतून मधूनच उमटणारी दक्षिण अमेरिकेची, आफ्रिकेची कड. काही चित्रांत गयानातलं त्याच्या आईचं दुकान, ‘बोलिंग्ज व्हरायटी स्टोअर’, छापाच्या तंत्रानं उमटवलेलं आहे आणि मग रंगानं जवळजवळ बुडवलेलं. १९७० च्या एका चित्राचं नावच ‘मिडल पॅसेज’, म्हणजे गुलामांच्या जहाजांचा अटलांटिक प्रवास. घर, खंड, समुद्र यांतलं काहीच ठाम रेषेत नाही; रंग वाळताना जेवढं उरलं तेवढंच. हे अमूर्त कलेतून ओळखीकडे मारलेलं वळण नाही आणि ओळखीतून अमूर्ताकडे काढलेला पळही नाही. मार्टिन प्युरिअरचं उदाहरण याहून शांत. साठच्या दशकात दोन वर्षं तो सिएरा लिओनला शिकवायला होता. तिथल्या सुतारांकडे त्यानं हातअवजारांचं काम पाहिलं, मग स्टॉकहोमला जाऊन आणखी शिकला. त्याच्या शिल्पांत आफ्रिकी मुखवटा शोधू नये. लाकूड लाकडाला कसं भिडवलं आहे ते पाहावं. आक्षेप घेणाऱ्यांना ओळख म्हणजे विषयच वाटतो, म्हणून त्यांना विषय किंवा कला अशी निवड करावी लागते. ओळख ही रीत आहे असं धरलं की ही निवड करायची गरज राहत नाही.

दुसरा आक्षेप बाजाराचा, आणि त्यात तथ्य पुष्कळ आहे. केरी जेम्स मार्शलचं ‘पास्ट टाइम्स’ हे १९९७ सालचं चित्र शिकागोच्या एका सार्वजनिक संस्थेनं पंचवीस हजार डॉलरना घेतलं होतं. २०१८ साली ते लिलावात दोन कोटी अकरा लाख डॉलरना गेलं. त्यानंतर काळ्या चेहऱ्यांच्या व्यक्तिचित्रांची जी लाट आली तिच्यातली बरीच चित्रं श्रीमंतांच्या दिवाणखान्यात अपराधभाव शमवण्याचं काम करतात, हे म्हणायला धाडस लागू नये. केहिंडे वायली याची ‘वर्ल्ड स्टेज’ ही मालिका मला याच कारणानं पातळ वाटते. नायजेरिया, ब्राझील, भारत, श्रीलंका, हैती. देश बदलतो, तरुण बदलतो, मागची नक्षी बदलते, पण जुन्या युरोपीय चित्रातून उचललेला तोरा आणि त्याला जोडलेली दिमाखदार पार्श्वभूमी हे गणित बदलत नाही. जागा वॉलपेपर होऊन बसते आणि जगभरचे कृष्णवर्णीय एकाच साच्यातून निघतात. मार्शलचं तसं नाही. तो बाजारात मिळणारे तीन वेगवेगळे काळे रंग घेतो, त्यांत निळं, हिरवं, जांभळं कालवतो आणि त्वचेचा काळा इतका गडद नेतो की पहिल्या नजरेत चेहरा हरवतो आणि थांबून पाहिलं तरच उजळतो. पाहणाऱ्याची सवय हाच इथे चित्राचा विषय झालेला आहे. किंमत दोघांनाही मिळते, पण त्यावरून दोघांना एका तागडीत टाकण्याचं कारण नाही. बाजारानं ओळखीचा माल केला म्हणून ओळखीतून आलेली प्रत्येक कृती माल ठरत नाही. बाजार तर अमूर्त चित्रांचाही मालच करतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त छळतो. ‘जागतिक कृष्णवर्णीय ओळख’ म्हणून जे सांगितलं जातं ती अमेरिकेची निर्यात आहे काय? आकडे तसा संशय घ्यायला लावतात. आजच्या अमेरिकी संयुक्त संस्थानांच्या भूमीवर आफ्रिकेतून थेट उतरवलेल्या गुलामांची संख्या चार लाखांहून कमी. ब्राझीलमध्ये ती सुमारे ४८ लाख, आणि तिथली गुलामी संपली १८८८ साली. तरीही चर्चा, प्रदर्शनं, पाठ्यपुस्तकं यांत हार्लेम जितकं येतं तितकं साल्वादोर येत नाही. साल्वादोरचा रुबेम वालेंतिम योरुबा देवतांची चिन्हं, शांगोची दुधारी परशू, भूमितीच्या कडक आकारांत बसवत होता. त्याला पूर्वज संग्रहालयात शोधावे लागले नाहीत, ते शेजारच्या गल्लीत पूजले जात होते. रोझाना पाउलिनोच्या १९९७ च्या ‘बास्तिदोरेस’ या कामात भरतकामाच्या लाकडी कड्यांत कापड ताणून त्यावर घरातल्या बायकांची छायाचित्रं उतरवली आहेत, आणि काळ्या दोऱ्याच्या धसमुसळ्या टाक्यांनी कोणाचं तोंड, कोणाचे डोळे, कोणाचा गळा शिवून टाकला आहे. ब्राझीलमधली गप्प बसवण्याची रीत अमेरिकेहून निराळी होती, घरगुती होती. म्हणून तिचं हत्यार सुई आहे.

आफ्रिकेतून पाहिलं तर प्रश्न आणखी उलटा होतो. लागोसमधला चित्रकार आपल्या गावी कृष्णवर्णीय नसतो. इग्बो असतो, योरुबा असतो, अमक्या वाडीचा असतो. कृष्णवर्णीय तो विमानतळावर होतो. न्जिडेका अकुन्यिली क्रॉस्बी सोळाव्या वर्षी, १९९९ मध्ये, नायजेरियाहून अमेरिकेला गेली. तिच्या चित्रांत साधे घरातले प्रसंग असतात, बऱ्याचदा तिचा गोरा अमेरिकी नवरा असतो. पण भिंती, जमीन, कपडे यांवर नायजेरियातल्या मासिकांतली आणि घरच्या अल्बममधली छायाचित्रं द्रावणानं फिकट उतरवलेली असतात. खोली अमेरिकेतली आणि तिची कातडी एनुगूची. सेनेगलचा कवी-राष्ट्राध्यक्ष सेंगोर यानं १९६६ साली डाकारला जागतिक कृष्णवर्णीय कला महोत्सव भरवला तेव्हा एका सामाईक आत्म्याची भाषा केली, आणि नायजेरियाचा नाटककार वोले सोयिंका यानं ती आधीच खिल्लीत काढली होती: वाघाला आपण वाघ आहोत हे ओरडून सांगावं लागत नाही, असा त्याचा आशय. सोयिंकाचा टोला अचूक आहे, पण ज्याला रोज कोणीतरी मांजर म्हणतं त्या वाघाची अवस्था त्यात येत नाही. १९७७ साली लागोसला तसाच महोत्सव झाला. बेनिनच्या राजमाता इडियाचा हस्तिदंती मुखवटा त्याचं बोधचिन्ह होता. १८९७ च्या इंग्रजी स्वारीत लुटलेला तो मुखवटा ब्रिटिश म्युझियमनं उसनाही दिला नाही, नायजेरियाला प्रतिकृतीवर भागवावं लागलं. सामाईक आत्मा आहे की नाही हा वाद चालू राहो. सामाईक अनुभव काय असतो, हे या नकारानं महोत्सवातल्या कुठल्याही भाषणापेक्षा स्पष्ट केलं.

ओळख रक्तातून न येता अनुभवातून येत असेल तर तिच्या सीमा कोणी आखायच्या? या प्रश्नाचा खरा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तिथे ‘ब्लॅक’ या छत्राखाली कॅरिबियन, आफ्रिकी आणि दक्षिण आशियाई असे सगळेच उभे राहिले. लुबैना हिमिडनं १९८५ साली लंडनमध्ये भरवलेल्या ‘द थिन ब्लॅक लाइन’मध्ये शांतिनिकेतनात जन्मलेली सुतपा बिस्वास होती. तिची घरकाम करणारी काली हातात सुरी घेऊन उभी होती. कराचीहून आलेल्या रशीद अरईन यांनी १९८९ मध्ये हेवर्ड गॅलरीत ‘द अदर स्टोरी’ मांडली. त्यातल्या चोवीस कलाकारांत बोलिंग होता आणि आपल्या सालिगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझाही. हाच सूझा १९६६ साली लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत काळ्यावर काळा रंग चढवलेली चित्रं घेऊन उभा राहिला होता. तिरक्या उजेडाशिवाय ज्यांतलं काही दिसत नाही अशी ती चित्रं. त्या काळ्याचा संबंध वर्णाशी जोडायचा की गोव्यातल्या चर्चमधल्या अंधाराशी, की नुसत्या रंगाशी, यावर ठाम बोलणाऱ्यावर माझा विश्वास बसणार नाही. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांनी अरईन यांचं आमंत्रण नाकारलं. पुढे हे छत्रही मोडलं; आशियाईंना आपलं वेगळं नाव हवं झालं आणि आफ्रिकी वंशाच्या कलाकारांना आपला विशिष्ट इतिहास पातळ होतोय असं वाटलं. दोघांचंही बरोबर होतं. १९७२ साली मुंबईत तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतलं तेव्हा त्यांनी ओकलंडच्या पँथरांशी रक्ताचं नातं सांगितलं नव्हतं, अडचणीचं नातं सांगितलं होतं. अशी नाती काम झालं की सुटू शकतात, आणि सुटली म्हणून ती खोटी ठरत नाहीत. हिमिड पुढे २०१७ मध्ये टर्नर पारितोषिक मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली, तेव्हा ‘ब्लॅक’चा अर्थ १९८५ पेक्षा अरुंद झालेला होता.

हिमिडचा जन्म झांझिबारचा, आणि ते बेट अटलांटिकमध्ये नाही. आतापर्यंतचा सगळा विचार त्या एका समुद्राभोवती फिरतो हा या साऱ्या सिद्धांताचाच दोष आहे, माझ्याही. हिंदी महासागरातून आलेल्या आफ्रिकी माणसांची गोष्ट त्याच्या मापात बसत नाही. इथिओपियात जन्मून अनेकदा विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताकरविता झाला, त्यानं खडकी वसवली, आणि १६२६ मध्ये तो मेला तो मोगलांच्या हाती न लागता. जहांगीरानं मात्र चित्रात त्याला मारून घेतलं. पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडणारा बादशहा, ते चित्र आज डब्लिनला आहे. त्यावरच्या ओळी अंबरला रात्रीच्या रंगाचा म्हणतात. काळेपणाला अंधार मानणारी नजर युरोपनंच घडवली, असं समजणाऱ्यांनी हे चित्र जरूर पाहावं. त्याच वेळी, ज्याला खोट्या चित्रात का होईना मारावं लागतं असा हबशी सेनापती अटलांटिकच्या कुठल्या मळ्यावर सापडणार नाही, हेही लक्षात घ्यावं.

मलिक अंबरला सत्ता मिळाली. पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेल्या ज्या गुलामांनी घाटावरच्या रानात पळ काढला त्यांना ती मिळाली नाही. त्यांचे वंशज सिद्दी आज उत्तर कन्नडमध्ये आहेत, हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे, आणि त्यांच्यातले पुष्कळजण कोंकणी बोलतात. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची कवंदी शिवतात. काठापासून सुरुवात करून टाके आत आत मध्यापर्यंत न्यायचे आणि कोपऱ्यांना फुलं लावायची. फुलांवाचून कवंदी उघडी मानतात. अमेरिकी कला-इतिहासकार हेन्री ड्र्युअल यांना या रंगसंगतीत अटलांटिकपलीकडच्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या रजयांशी साम्य दिसलं. साम्य असेलही. पण जुनेर शिवून अंथरूण-पांघरूण करणं आपल्या गोधडीलाही चुकलेलं नाही, आणि सिद्दींच्या शेजारणीही ते करतात. मग कवंदीतली आफ्रिका किती आणि दख्खन किती, हे टक्क्यांत काढण्याचा मोह होतो. जोन्सच्या चित्राबद्दल जो हट्ट फोल ठरला तो इथेही फोलच. शिवणारीनं आपल्या कामाकडे कोणाचा वारसा म्हणून पाहायचं हे अभ्यासकानं बाहेरून ठरवायचं नाही. उद्या सिद्दींमधल्या कोणी हातात कुंचला किंवा कॅमेरा घेऊन हा प्रश्न मांडला तर त्यात मलिक अंबर येईल, गोव्यातला गुलामांचा बाजार येईल, यल्लापूरचं रान येईल की यांतलं काहीच येणार नाही, ते मांडणाराच ठरवेल. आणि ते अटलांटिकवाल्यांच्या अपेक्षेबरहुकूम नसलं तर चूक अपेक्षेची समजावी.